'विकला' हा शब्द मागे घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाझींच्या हाती कलासंग्रह गमावलेल्या गुटमान कुटुंबावरचा रविवार पुरवणीतील लेख आवडला. एका वाक्यापाशी मात्र अडलो: 'फ्रिट्झ गुटमान यांनी आपला संग्रह जर्मन व्यापाऱ्यांना विकला.' मी ३५ वर्षे दस्तलेखक होतो. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाविना' ही ओळ लिहून देणाऱ्याला वाचून दाखवायची, त्याच्या तोंडाकडे पाहायचे आणि मगच सहीसाठी कागद पुढे सरकवायचा, ही आमची रीत.

फ्रिट्झ यांचे वडील ऑयगेन हे ड्रेस्डनर बँकेचे संस्थापक (१८७२). घराणे ज्यू वंशाचे. ख्रिस्ती होऊनही उपयोग झाला नाही, कारण नाझी कायदा आजी-आजोबांपैकी किती ज्यू ते मोजत होता. फ्रिट्झ आणि लुईझ नेदरलँड्समध्ये हेमस्टेडे येथे राहत. देश जर्मनांच्या ताब्यात, आणि दारात हिटलरसाठी चित्रे मिळवणारा कार्ल हाबरश्टॉक. त्याला 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणायचे?

१९४३ मध्ये इटलीला पाठवतो असे सांगून पती-पत्नीला गाडीत बसवले आणि उतरवले थेरेझिनश्टाटच्या छावणीत. वडिलांचा चांदीचा संग्रह लिहून द्या, असा तिथे तगादा लागला. कुटुंबीय सांगतात, फ्रिट्झ यांनी सही केली नाही. १९४४ मध्ये त्यांना मारहाण करून ठार केले. लुईझ ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या.

युद्धानंतर डच सरकारचे म्हणणे काय, तर वस्तू परत हव्यात तर विक्रीचे पैसे भरा! म्हणजे पुन्हा तोच शब्द. मुलगा बर्नार्ड आयुष्यभर शोधत राहिला. १९९४ मध्ये तो गेला आणि त्याच्या कागदांची खोकी मुलांच्या हाती आली. २००२ मध्ये डच सरकारने २०० हून अधिक वस्तू परत केल्या.

सुरक्षित राहावे म्हणून पॅरिसला पाठवलेले आणि तिथून लुटले गेलेले फ्रेंच चित्रकार देगाचे धुराड्यांचे निसर्गचित्र शिकागोत सापडले. १९९८ मध्ये तडजोड झाली: मालक डॅनियल सर्ल यांनी आपला अर्धा हिस्सा शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटला दिला, उरलेल्या अर्ध्याची किंमत संग्रहालयाने वारसांना मोजली. चित्राच्या नोंदीत आज फ्रिट्झ आणि लुईझ यांच्या संग्रहातून 'खरेदी' असे लिहिलेले आहे. तो शब्द मला मान्य आहे, कारण तिथे देणारे वारस राजी होते.

आपल्या लेखातला 'विकला' मात्र मागे घ्यावा आणि 'विकायला लावला' अशी दुरुस्ती त्याच पुरवणीत छापावी, ही विनंती.

एक निवृत्त दस्तलेखक, वाई (जि. सातारा)