गोल्फच्या वुड्सच्या निवडीत लाभलेल्या मदतीबद्दल काकांना जाहीर आभार पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मर्यादित पैशांत गोल्फचे दोन लांब पल्ल्याचे क्लब (चेंडू मारायच्या काठ्या), म्हणजे सुरुवातीच्या लांब फटक्याचा ड्रायव्हर आणि गवतावरून मारायचा फेअरवे वुड, निवडताना आपण मला जी मदत केलीत, तिच्याबद्दल तोंडी आभार मानून माझे समाधान झालेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता यावे अशा रीतीने लिहिण्याचे कारण असे की, मडगाव-बाणावली परिसरात चाळिशी-पन्नाशीत गोल्फकडे वळलेली माझ्यासारखी अनेक माणसे आहेत, आणि आपण मला जे समजावून सांगितलेत ते त्यांनाही तितकेच उपयोगी पडेल. आपले नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते छापलेले आपल्याला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

माझ्याकडे या खरेदीसाठी 30,000 रुपये होते. नामांकित कंपनीचा यंदाचा एकच नवा ड्रायव्हर घ्यायचा म्हटले तरी तो 50,000 रुपयांच्या पुढे जातो, आणि मला तर ड्रायव्हरबरोबर फेअरवे वुडही हवा होता. अशा वेळी कोणती कंपनी चांगली, हाच प्रश्न मनात सर्वांत आधी येतो आणि तोच मी आपल्याला विचारला. आपण त्याचे उत्तर न देता मलाच विचारलेत की, कोणत्या आयर्नपर्यंत (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब; नंबर लहान तसा पल्ला लांब) चेंडू भरवशाने हवेत उठतो, तो किती लांब जातो आणि माझे खेळणे मुख्यतः कुठे होते. सहा नंबरच्या आयर्नने माझा चेंडू साधारण 110 यार्ड जातो आणि त्यापुढच्या लांब आयर्नवर माझा भरवसा नाही, एवढे सांगितल्यावर आपण म्हणालात की, मग पिशवीत कमी पडते आहे ते अंतर आधी मोजू, त्यावरून लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, तिरकसपणा) ठरवू, नंतर शाफ्ट (दांडा) पाहू आणि कंपनीचे नाव सर्वांत शेवटी. खेळण्याच्या जागेबद्दलचा आपला सल्ला तर मला विशेष मोलाचा वाटला. मोबोरच्या 12 होलच्या छोट्या कोर्सवर सगळे होल पार-3, म्हणजे तीन फटक्यांत पुरे व्हावेत इतके आखूड, आहेत. केवळ तिथेच खेळणार असाल तर ड्रायव्हरवर एक रुपयाही घालू नका, असे आपण स्पष्ट बजावलेत. मला काणकोणला राजबागच्या 9 होलच्या कोर्सवरही खेळायचे होते, म्हणूनच ड्रायव्हरची बोलणी पुढे सरकली.

दोन-तीन पिढ्या जुना ड्रायव्हर घेतला तर आपण फार काही गमावतो का, ही माझी शंका आपण ज्या रीतीने दूर केलीत ती मी इथे सविस्तर मांडते, कारण बहुतेकांचे पैसे इथेच अकारण खर्च होतात. ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान 460 सीसीपेक्षा मोठे नसावे, असे बंधन आर अँड ए आणि यूएसजीए या नियम करणाऱ्या संस्थांनी 2004 पासून घातलेले आहे. फेसची उसळीही त्यांनी बांधून टाकली आहे. एक छोटा लोलक फेसवर आपटून धातूंचा स्पर्श किती मायक्रोसेकंद टिकतो हे मोजतात. ही मर्यादा 239 मायक्रोसेकंदांची आहे आणि वर 18 ची सूट आहे. फेस जितका लवचीक, तितका हा स्पर्श जास्त टिकतो आणि चेंडू तितका वेगाने सुटतो. अर्थात, चेंडू फेसच्या मधोमध बसला तर 2019 चा ड्रायव्हर आणि यंदाचा ड्रायव्हर यांच्या वेगात नियमानेच फारसा फरक पडू शकत नाही. नव्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा होते ती मुख्यतः फटका मधोमध न बसता टोकाकडे किंवा टाचेकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) बसल्यावर डोके किती कमी वळते यात, आणि त्या गुणालाही नियमाची कमाल मर्यादा आहेच. ही सुधारणा खरी आहे, हे आपण प्रामाणिकपणे सांगितलेत. मात्र तिच्यासाठी दुपटी-तिपटीने पैसे मोजण्याऐवजी तेच पैसे योग्य शाफ्टवर आणि सरावावर घालावेत, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे पटले.

3 वुडच्या, म्हणजे 3 नंबरच्या फेअरवे वुडच्या, बाबतीत मात्र आपण मला थेट मैदानावर नेलेत, आणि ती सकाळ मी कधीही विसरणार नाही. ड्रायव्हरच्या जोडीला 3 वुड हवाच, असे जो तो सांगतो. आपण आपल्याच पिशवीतला 15 अंशांचा 3 वुड आणि 18 अंशांचा 5 वुड काढलात आणि चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) न ठेवता आखूड गवतावर ठेवायला लावलात. प्रत्येक चेंडूच्या मागच्या बाजूला आपण फळ्यावर लिहायच्या निळ्या मार्करने जाड रेघ ओढत होता. फटका बसला की तिचा ठसा फेसवर उमटायचा, तो आपण मला दाखवायचा आणि ओल्या फडक्याने पुसून टाकायचा. 3 वुडच्या फेसवर निळे ठसे टाचेजवळ आणि खालच्या कडेला विखुरलेले होते. 5 वुडवर ते मध्याच्या आसपास गोळा होऊ लागले. मग आपण दोन्ही क्लब शेजारी उभे धरून दाखवलेत की 5 वुडचा शाफ्ट थोडा आखूड आहे आणि आखूड शाफ्टने चेंडू मध्यावर घेणे सोपे जाते. माझ्या स्विंगचा (क्लब फिरवण्याचा) वेग कमी आहे, त्यामुळे 15 अंशांवरून गवतावरचा चेंडू पुरेसा उंच उठत नाही आणि लवकर खाली येतो. 18 अंशांवरून तो उंच जातो, जास्त वेळ हवेत राहतो आणि माझ्या हातून तरी 3 वुडइतकाच किंवा त्याहून पुढे पडतो. कागदावर 3 वुड लांब पल्ल्याचा असतो, पण मैदानावर कुणाच्या हातात तो तसा राहतो हे स्विंगचा वेगच ठरवतो. हाच न्याय ड्रायव्हरला लावून आपण मला 9 अंशांकडे बघूही दिले नाहीत आणि 10.5 ते 12 अंशांमध्येच शोधायला सांगितलेत.

शाफ्टविषयी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. दुकानात स्त्री ग्राहक दिसली की तिच्यापुढे स्त्रियांसाठीचा म्हणून तयार केलेला संच ठेवला जातो, आणि तिचा स्विंग कुणी पाहतही नाही. ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. एल, ए, आर, एस ही शाफ्टच्या लवचीकतेची अक्षरे (एल सर्वांत लवचीक, एस सर्वांत कडक) सगळ्या कंपन्यांत एकाच मापाने ठरत नाहीत, एका कंपनीचा ए दुसरीच्या आर इतका कडक असू शकतो, हे आपल्याकडूनच मला प्रथम कळले. आपण माझे फटके पाहून ए लवचीकतेचा, सुमारे 50 ग्रॅमचा ग्रॅफाइट शाफ्ट सुचवलात. तो पुरुष ज्येष्ठ खेळाडूंसाठी म्हणून विकला जातो, याची आपल्याला काहीच अडचण वाटली नाही आणि मलाही वाटली नाही. लांबी कमी करायची असेल तर ग्रिपच्या बाजूने कापावी, पण अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना डोके किती जड लागते याचे माप) तीन अंकांनी उतरते आणि डोके हाताला हलके लागते, म्हणून उगाच कापू नये, हेही आपण वेळेवर सांगितलेत.

वापरलेला ड्रायव्हर पाहायला आपण माझ्याबरोबर आलात, हे आपले मोठे उपकार आहेत. पहिल्या ठिकाणी ड्रायव्हर दिसायला अगदी नवा होता. आपण तो खिडकीच्या उजेडात तिरका धरलात, फेस आणि माथा जुळतात त्या कडेवरून अंगठ्याचे नख हळूहळू फिरवलेत आणि मग डोके कानाशी नेऊन हलवलेत. आत बारीक खुळखुळ झाली. कधी कधी सुटलेल्या गोंदाचा कण असतो आणि त्याने खेळ बिघडत नाही, पण कडेला नखाला केसासारखी चीर लागते आहे तेव्हा हा नको, असे आपण विकणाऱ्याला न दुखावता सांगितलेत. दुसऱ्याच्या तळावर भरपूर ओरखडे होते. आपण त्यांच्याकडे लक्षच दिले नाहीत. एका हाताने डोके आणि दुसऱ्याने ग्रिप धरून शाफ्ट पिळून पाहिलात, पिशवीच्या कडेला घासून शाफ्टवर चट्टा पडला आहे का ते तपासलेत, होजेलवरचा (शाफ्ट डोक्यात बसतो त्या नळीवरचा) अनुक्रमांक वाचलात आणि लॉफ्ट बदलायच्या स्लीव्हचा (शाफ्टच्या टोकाला बसवलेल्या नळीचा) स्क्रू काढून पुन्हा टॉर्क पान्याने कट्‌ आवाज येईपर्यंत आवळलात. एका कंपनीची स्लीव्ह दुसरीच्या डोक्यात बसत नाही, म्हणून शाफ्ट पुढे कधी बदलायचा झाला तर हे लक्षात ठेवावे, ही सूचनाही तेव्हाचीच. भाव अविश्वसनीय वाटावा इतका कमी असेल आणि अनुक्रमांक दिसत नसेल, तर क्लब नकली असण्याचा संभव धरून परत फिरावे, हा आपला नियम मी आता सर्वांना सांगते.

अखेर 2019 चा पिंग जी410 ड्रायव्हर 14,500 रुपयांना आणि एक जुना 5 वुड 7,000 रुपयांना मिळाला. दोन्हींच्या ग्रिप गुळगुळीत झाल्या होत्या, त्या 1,400 रुपयांत बदलल्या. एकूण खर्च 22,900 रुपये झाला. या ड्रायव्हरच्या मागच्या कडेचे वजन सरकवता येते. माझा चेंडू उजवीकडे वळत असल्यामुळे आपण ते टाचेच्या बाजूला आणून ठेवलेत आणि तीन महिने त्याला हात लावू नका, म्हणून सांगितलेत. मी तो लावलेला नाही.

आपल्या हवामानाबद्दलचे आपले सल्ले मी अक्षरशः पाळते आहे, आणि गोव्यात वापरलेले क्लब घेणाऱ्या प्रत्येकाने ते पाळावेत असे मला वाटते. ड्रायव्हरचा फेस बहुधा टायटॅनियमचा असतो, त्याला गंज धरत नाही. परंतु फेअरवे वुडची डोकी बहुधा पोलादी असतात आणि किनाऱ्यावरची खारट हवा त्यांना सोडत नाही. त्यातही पावसाळ्यात ओले हेडकव्हर तसेच चढवून ठेवले तर ओलावा आतच कोंडतो आणि फेसच्या खाचांत तांबूस डाग उठू लागतात. म्हणून खेळून आल्यावर मी डोकी कोरड्या फडक्याने पुसते, हेडकव्हर पंख्याखाली वेगळी वाळवते आणि ग्रिप कोमट पाण्याने धुते, कारण घामाने आणि दमटपणाने त्या चिकट होतात. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीच्या डिकीत क्लब ठेवत नाही. उन्हात तापलेल्या डिकीत डोके आणि शाफ्ट जोडणारा गोंद सैल पडू शकतो, हे आपण सांगेपर्यंत आमच्या ओळखीतल्या कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

राजबागला समुद्राकडून वारा येतो तेव्हा उंच जाणारा चेंडू अडतो, हे खरे आहे. अशा दिवशी मी आपण शिकवल्याप्रमाणे 5 वुड थोडा खाली धरून अर्ध्या स्विंगने मारते आणि चेंडू बराच सरळ राहतो. माझ्याबरोबर खेळणाऱ्या दोघी मैत्रिणींनीही आता 3 वुडचा विचार सोडून 5 वुड पाहायला सुरुवात केली आहे. आपण कोणताही क्लब विकत नाही, माझ्याकडून एक पैसाही घेतला नाहीत, आणि तरीही आपला वेळ, आपली पिशवी आणि आपले अनुभवी डोळे माझ्यासाठी मोकळे केलेत. या निःस्वार्थ मदतीबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

माझ्याकडे 7,100 रुपये उरले आहेत. 5 वुड आणि सहा नंबरच्या आयर्नच्या मधले अंतर अजून रिकामे आहे. तिथे 21 अंशांचा 7 वुड घ्यावा की त्याच लॉफ्टचा हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब), हे ठरवायचे आहे. 7 वुडने चेंडू उंच जाऊन मऊ उतरतो. हायब्रिडचा शाफ्ट आखूड असल्यामुळे दाट गवतातून तो अधिक सहज निघतो. माझा कल 7 वुडकडे आहे. दिवाळीनंतर मैदान कोरडे झाले की आपण सांगाल त्या दिवशी सकाळी मी येईन. निळा मार्कर आणि फडके या वेळी मी घेऊन येते.

घरातील सर्वांस नमस्कार कळवावा.

आपली कृतज्ञ,
मडगावची आपली एक शिष्या