घोषणेची घाई नोकियाला भोवली

नोकियाच्या ऱ्हासाविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. टचस्क्रीन न जमल्याने कंपनी बुडाली, हा त्याचा निष्कर्ष पटत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने आपल्या फोनमधली सिम्बियन ही कार्यप्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली स्वीकारत असल्याचे जाहीर केले; तिच्यावर चालणारा पहिला लुमिया फोन मात्र त्या वर्षाच्या अखेरीस बाजारात आला. कंपनीनेच मोडीत काढलेल्या प्रणालीचा हँडसेट मधल्या काळात गिऱ्हाइकाने का घ्यावा आणि दुकानदाराने तो कोणत्या तोंडाने विकावा? टचस्क्रीनचे म्हणाल, तर त्याच वर्षी आलेला, समोर एकही बटण नसलेला आणि कडेवरून बोट सरकवून चालणारा मीगो प्रणालीवरील देखणा एन९ नोकियाचाच होता. अमेरिका आणि ब्रिटनच्या बाजारांत तो कंपनीने अधिकृतपणे उतरवलाच नाही.

— एक वाचक, पुणे