चित्रकलेला जोडतास द्या

संपादक महोदय,

नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेत मी १९ वर्षे चित्रकला शिकवते. ज्याचं चित्र त्यानं काढायचं, शेजारच्याच्या कागदात डोकवायचं नाही, ही शिस्त मीही लावत आले. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना शेवटी मूल एकटंच बसतं. यंदा नववीच्या एका तुकडीला मात्र वारली चित्रकला गटानं शिकवली. कारण वारल्यांच्या लग्नघरातला चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चौकोनी चित्र, सवाष्णी मिळूनच लिहितात. मग तो आम्ही एकेकट्या मुलाकडून का काढून घ्यावा?

पाच-पाच जणांचे गट केले. एकाकडे चौक, एकाकडे दोन त्रिकोण जोडून होणारी माणसं, एकाकडे तारपा या वाद्यावरच्या नाचाचा फेर, एकाकडे झाडं-जनावरं आणि एकाकडे गेरू व तांदळाच्या पिठाचा रंग. सगळ्या गटांतले रंगवाले आधी एकत्र बसून शिकले, मग त्यांनी आपापल्या गटाला शिकवलं. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली ही ‘जिगसॉ’ पद्धत.

एका गटाच्या पांढऱ्या रेघा वाळल्या की पापुद्रे सुटत. वर्षभर कोरी वही घेऊन बसणारा एक मुलगा उठला, बोटानं रेघ खरवडून म्हणाला, “बाई, यांनी डिंकच घातला नाही.” त्याचे वडील घरं रंगवतात. दुसऱ्या तासाला चार गट वाट्या घेऊन त्याच्या बाकापाशी उभे होते! त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही.

एका आईची तक्रार आली, की इतरांमुळे मुलीचे गुण गेले. ती रास्तच होती. आता निम्मे गुण गटाला आणि निम्मे प्रत्येकानं एकट्यानं काढलेल्या छोट्या चित्राला देते.

खरी अडचण वेळेची आहे. वर्गात ६० मुलं, तास ३५ मिनिटांचा. पाणी आणणं, कागद अंथरणं, शेवटी ब्रश धुणं यातच २० मिनिटं जातात. आठवड्याचे दोन तास जोडून दिले तर हे आवरणं एकदाच करावं लागतं, आणि त्यासाठी शाळेला एक पैसाही जास्त लागत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी पुढच्या सत्रापासून शुक्रवारचे शेवटचे दोन तास जोडून दिले आहेत. इतर शाळांनीही वेळापत्रक लावताना चित्रकलेसाठी एवढं करावं, ही कळकळीची विनंती.

– एक कलाशिक्षिका, नाशिक