शाईचं पॅड बाजूला सारणाऱ्या हवालदार ताईंना

हवालदार ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वर्दीच्या पट्टीवरचं नाव मला पाठ आहे, पण ते इथे लिहीत नाही. माझ्या बहिणीचंही लिहीत नाही. तिचं नाव कुठे छापून येता कामा नये, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला ओळख पटायला एवढं पुरे होईल: गेल्या हंगामातली जानेवारीची रात्र, एस.टी. स्टँडसमोरचं तुमचं ठाणं, आणि पाचटाने हात चिरलेली एक बाई, जी खुर्चीवर बसायला तयार नव्हती. ती माझी आई.

आम्ही बीड जिल्ह्यातले. दसरा उरकला की अर्धं गाव गाडीत बसतं आणि ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जातं. आईबापांनी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. दरवर्षी बहीण आजीजवळ गावी राहायची. त्या वर्षी पावसाळ्यात आजी गेली, आणि नववीतल्या पोरीला मागे कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न पडला. म्हणून ती फडावर गेली. पहाटे चारला आईबाप फडात, आणि कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, ही एकटी. एका संध्याकाळी ते परत आले तर चूल थंड होती.

मी निरोप मिळाल्यावर सासरहून धावत गेले. त्याआधीच आईला कारखान्याकडच्या पोलिसांनी परत पाठवलं होतं. तिथे तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, "कुणासंगं बोलायची का ती?" दुसऱ्या वाक्यात, आली असेल मनात तर येईल चार दिवसांत. आणि मग, तुम्ही तर बीडचे, तिकडे नोंदवा. आम्ही रातोरात बीडकडे गेलो. आमच्या भागातल्या ठाण्यात साहेब म्हणाले, मुलगी तिकडून गेली, हद्द त्यांची, आम्ही काय करणार. दोन दिवस आमचे गाडीभाड्यात आणि हद्दीत गेले. त्या दोन दिवसांत ती कुठे होती, हे आता आम्हाला माहीत आहे. म्हणून त्या दोन ठाण्यांबद्दल माझ्या मनात जे आहे ते अजून शांत झालेलं नाही.

तुमच्याकडे आम्ही फिर्याद द्यायला आलोच नव्हतो, ताई. परत फडावर निघालो होतो, पुढची गाडी पहाटे होती, आणि स्टँडवर दोन दारुडे घुटमळत होते. बायामाणसांना रात्रभर व्हरांड्यात बसू द्याल का, एवढंच विचारायला मी आत आले. तुम्ही बंदोबस्तावरून नुकत्याच आला होतात, डबा तसाच बांधलेला टेबलावर होता. तुम्ही विचारलंत, "एवढ्या रात्री कुठे निघालात?" तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला होता.

मी सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "फोटो आहे का तिचा?" आणि मग, "वय काय?" पंधरा म्हटल्यावर तुम्ही डबा बाजूला ठेवून कागद ओढलात. ठाणे अंमलदार म्हणाले, आपली हद्द नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, "शून्य क्रमांकाने घेते, साहेब. लेकरू अठराच्या आतलं आहे."

हे मी नंतर वाचलं. अठराच्या आतलं मूल हरवलं तर कुणीतरी पळवलं असं धरूनच गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की तो दाखल करावाच लागेल, पोलिसांना त्यात मर्जी नाही. तो खटला ललिता कुमारीच्या नावाने ओळखला जातो. उत्तर प्रदेशातली मुलगी, पळवून नेलेली, आणि तिच्या बापाची तक्रार ठाण्यात कुणी घेईना. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हद्द कुठलीही असो, माहिती लिहून घ्यायची, म्हणजे तुमचा तो शून्य क्रमांक, हेही १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे आम्ही ज्या दोन दारांतून परत फिरलो, तिथल्या भिंतींच्या आतही हाच कायदा लागू होता. आईला तो कुणी सांगितला नाही. तुम्हीही सांगितला नाहीत, तुम्ही तो लिहायला घेतलात.

पण मी हे पत्र लिहितेय ते त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी.

फिर्याद लिहून झाली. तुम्ही ती आईला सावकाश वाचून दाखवलीत, दोन ठिकाणी "बरोबर आहे ना मावशी?" म्हणून थांबलात. मग सहीची वेळ आली. आईने सवयीने डावा अंगठा पुढे केला, आणि शेजारच्या पोलिसाने शाईचं पॅड उघडून सरकवलं. तुम्ही आईच्या तोंडाकडे पाहिलंत आणि विचारलंत, "लिहिता येतं का थोडंफार?" आई काही बोलेना. मग म्हणाली, "नाव येतं. पोरीनंच शिकवलंय."

तुम्ही पॅड झाकण लावून बाजूला सारलंत आणि स्वतःचं पेन तिच्या हातात दिलंत.

ताई, तुम्हाला माहीत नसेल, पण ते नाव बहिणीने आईला कोपीपुढच्या मातीत काडीने गिरवून शिकवलं होतं. फडावरून आल्यावर, भाकरी थापून झाल्यावर, रोज दोन अक्षरं. आईच्या नावात एक जोडाक्षर आहे, तिथे ती कायम अडते. त्या रात्रीही अडली. हात कापत होता. मागून कुणीतरी म्हणालं, अंगठा घ्या की, उरका. तुमचा फोन दोनदा वाजला, तुम्ही उचलला नाहीत. म्हणालात, "असू द्या मावशी, घाई नाही." आईने जोडाक्षर पुरं केलं, आणि मगच ती पहिल्यांदा मोठ्याने रडली. तीन दिवसांत ती रडली नव्हती.

मला पंधराव्या वर्षी उजवलं. आमच्याकडे बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर असते, हे मला माझ्या लग्नानंतर फार वर्षांनी कळलं. माझ्या लग्नात ग्रामसेवक पंगतीत जेवून गेले होते. २००६ चा बालविवाहबंदीचा कायदा तेव्हाही होता. त्यामुळे सरकारचा माणूस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तीच पंगत यायची. आता तुमचं टेबल येतं, ते पेन येतं. विकास, विकास म्हणून जे बोलतात त्यात रस्ते असतात, कारखाने असतात, किती टन ऊस गाळला ते असतं. तो ऊस तोडणारी बाई सरकारी कागदावर स्वतःच्या हाताने नाव लिहीपर्यंत कुणीतरी थांबलं, हे कुठल्या रकान्यात बसतं मला माहीत नाही. चांगल्या वागण्याला पैसे लागत नाहीत, वरून हुकूम लागत नाही, हे मी आधीही ऐकून होते. त्या रात्री समोर बसून पाहिलं.

बहीण नवव्या दिवशी सापडली. कशी, कुठे, ते मी लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. ती आता ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा वसतिगृहात राहून दहावीचा अभ्यास करते. रात्री दिवा चालू ठेवूनच झोपते. गणितात मात्र पहिल्यासारखीच हुशार आहे. वसतिगृहाच्या प्रवेशअर्जावर पालकाची सही आईने केली. मी पाहत होते. जोडाक्षराशी थांबली, पण अडली नाही.

यंदा आईबाप पुन्हा गेलेत. उचल फिटलेली नाही. गाडी तुमच्या गावावरून गेली तेव्हा आईने मुकादमाला थांबायला सांगितलं होतं, तो थांबला नाही. जायच्या आधी तिने माझ्याकडे तुमच्यासाठी एक पिशवी ठेवली आहे. आमच्या तुकड्यातली बाजरी आणि थोडे तीळ. मी येत्या रविवारी घेऊन येते. तुम्ही बंदोबस्ताला असाल तर ठाणे अंमलदारांजवळ ठेवून जाईन. पिशवीवर तुमचं नाव आईने स्वतः लिहिलं आहे. मी तिला कागदावर काढून दिलं होतं, तिने बघून बघून उतरवलं.

तुमची,
त्या रात्री शेजारी उभी असलेली मोठी मुलगी