घराचं मॉडेल बघायला एक हॉल द्या

मा. संपादक,

आमची मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिनं आणि सात-आठ मैत्रिणींनी लातूरला ड्रॉइंग आणि मॉडेलचं प्रदर्शन लावलं, आणि कुठं लावलं तर मंगल कार्यालयात! दुसरीकडं जागाच मिळाली नाही. एका सभागृहवाल्यानं स्टेज देतो म्हणून सांगितलं पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही म्हणे. मग काय, पंगतीच्या टेबलांवर मॉडेलं, खुर्च्यांच्या पाठीला सुतळीनं बांधलेल्या शीट आणि वर आदल्या लग्नाच्या झालरी तशाच लोंबत. दुपारी चारला मॅनेजर आला, उचला आता, सहाला हळद आहे. नळदुर्गच्या पाणी महालाचं मॉडेल होतं, बोरी नदीवरच्या त्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाहीत खोल्या कशा काढल्या ते मधून कापून दाखवलेलं, पोरींनी तीन आठवडे जागून केलेलं, ते टेम्पोत चढवताना मोडलं. आता आमच्या माळ्यावर पापडाच्या डब्यांशेजारी पडलंय.

पण त्या चार-पाच तासात मी जे बघितलं ते सांगायला हे पत्र लिहितोय. किल्लारीकडचे एक आजोबा माळवदाच्या, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेल्या, घराच्या मॉडेलपुढं अर्धा तास उभे होते. बोट लावून म्हणले, असंच होतं आमचं, भिंती गेल्या, खांब राहिले. किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3:56. दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंत, आत-बाहेर दोन थर, मधी दगडगोटे आणि माती, दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही, वर माळवदाच्या मातीचं ओझं. भिंत हलली की फुगून उकलते आणि खाली झोपलेल्या माणसांवर येते. बऱ्याच ठिकाणी लाकडी खांब-तुळया मात्र उभ्याच राहिल्या. लोक म्हणतात मातीची घरं वाईट, स्लॅब चांगला. अहो दोष मातीचा एकटीचा नव्हता, जोडणीचा होता, आणि हे त्या कापलेल्या मॉडेलमधी दोन मिनिटात कळतं, बोलून तासभरात कळत नाही.

मी काही आर्किटेक्ट नाही, माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक खिशातून चार घड्या घातलेला प्लॅन काढतं, तीस बाय चाळीसचा प्लॉट, आयुष्याची कमाई त्यात घालायची, आणि त्याला त्यातलं एकच कळतं, किचन आग्नेयेला आहे का. जिना कुठं उतरतो, वारा कुठून येतो, आमच्याकडच्या मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्री किती तापलेली असते, कोण विचारतो! त्याचा तरी काय दोष, त्यानं आयुष्यात एकदाही घराचं मॉडेल बघितलेलं नाही.

चंदीगडला शहर कसं आखलं हे दाखवणारं म्युझियमच आहे. मुंबईत 2016 ला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भारतातल्या वास्तुकलेचं प्रदर्शन जानेवारी ते मार्च चाललं. आमच्याकडं दाखवण्यासारखं कमी आहे का? लातूरची गोल बाजारपेठ, गंजगोलाई घ्या, मधी जगदंबेचं देऊळ आणि चहूकडं फुटणारे 16 रस्ते, आम्ही तिथं रोज पार्किंगवरून भांडतो पण ती वरून कशी दिसते ते कितीजणांनी बघितलंय? औशाचा किल्ला, उदगीरचा किल्ला, खरोशाची लेणी, तेरचं विटांचं त्रिविक्रम मंदिर, सगळं एका दिवसाच्या अंतरावर.

नवीन इमारत बांधा असं म्हणणं नाही. ती बांधली तर आधी फरशी बसेल, मग उद्घाटन, मग कुलूप. मार्केट यार्डातलं एखादं रिकामं गोडाऊन चालेल. खिळे ठोकता येतील अशा भिंती, चांगले लाइट, दहा-बारा टेबलं, रात्री कुलूप लावणारा एक माणूस आणि प्रदर्शन निदान महिनाभर राहील एवढी मुभा. शहराचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी लावतात तोही तिथंच लावा, सोबत मॉडेल ठेवा, म्हणजे आपल्या घरावरून रस्ता जातोय का हे माणसाला हरकतीची मुदत संपायच्या आत तरी कळेल.

पाणी महाल दुरुस्त करू का म्हणून मी पोरीला विचारलं, फेव्हिकॉल दुकानातच आहे. ती म्हणली, पप्पा आधी ठेवायचं कुठं ते सांगा.

आपला,
एक वाचक, लातूर