पोस्टकार्डाने केलेला नागरिक

माननीय संपादक,

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्या पेपरात भारतीय वंशाचे उमेदवार कोण कोण याची कौतुकाने यादी येते, आणि जे साधे लोक तिकडचं नागरिकत्व घेतात त्यांच्याबद्दल मात्र एक ठरलेलं वाक्य, की सुखसोयींसाठी घेतलं. मी पण घेतलंय म्हणून लिहितोय. माझ्या बाबतीत कारण होतं एक पोस्टकार्ड.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ग्रीन कार्ड 2011 ला मिळालं, पाच वर्षांनी अर्ज करता येतो म्हणजे 2016 लाच करता आला असता, पण मन होत नव्हतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, अशोकस्तंभवाला पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. बदल्यात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) मिळतं, व्हिसाची कटकट जाते, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. तासगावहून आईचा एकच प्रश्न, सातबाऱ्यावर तुझं नाव लागेल ना रे? (लागतं, वारसाने आलेली चालते.)

मग नोव्हेंबर 2017, शाळा बोर्डाची निवडणूक. घरोघरी निनावी पोस्टकार्डं आली, चिनी आणि भारतीय लोक आपलं गाव ताब्यात घेतायत, चिनी शाळा, भारतीय शाळा, क्रिकेटची मैदानं, आता बास. एक चिनी आणि एक गुजराती वंशाचा उमेदवार, दोघांच्या फोटोवर 'डिपोर्ट', म्हणजे देशाबाहेर हाकला, असा शिक्का. मुलगी तेव्हा सातवीत, तिनेच ते पत्रपेटीतून आणलं आणि विचारलं बाबा तुम्ही कुणाला मत देणार. मी टॅक्स भरतो, शाळेच्या मीटिंगला जातो, पण मत? शून्य. त्याच डिसेंबरात अर्ज भरला.

ऑफिसमधला मेक्सिकन वंशाचा मित्र हसला, म्हणाला माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. कॅलिफोर्नियात 1994 ला प्रॉपोझिशन 187 (मतदारांनी थेट मतदानाने केलेला कायदा) आलं, कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळा बंद वगैरे, ते कोर्टात अडकलं ते अडकलंच, पण वर्षानुवर्षं ग्रीन कार्डावर निवांत बसलेले लोक अर्जाच्या रांगेत उभे राहिले. 1996 मध्ये देशभरात दहा लाखांहून जास्त लोक नागरिक झाले. ज्यांनी घाबरवायला मोहीम काढली त्यांनीच मतदार तयार केले म्हणायचे! माझं पण तेच, देशप्रेमाने ऊर भरून वगैरे आला नव्हता, राग आला होता.

नागरिकत्वाच्या परीक्षेत तेव्हा शंभर प्रश्नांतले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की ऑफिसर थांबायचा. शपथ 2019 ला, हॉलबाहेर मतदार नोंदणीचं टेबल होतंच, तिथेच फॉर्म भरला. पहिलं मत त्याच नोव्हेंबरात, शाळा बोर्डासाठी. खरं सांगायचं तर भारतीय पासपोर्ट असताना मला तासगावला मत देता आलं असतं, 2010 ला कायदा बदललाय, पण बूथवर स्वतः हजर राहावं लागतं आणि मी एकदाही गेलो नाही. त्याची लाज वाटते.

बायकोने अजून अर्ज केलेला नाही, म्हणते घरात एक तरी भारतीय पासपोर्ट राहू दे. पण हल्ली रोज बातम्या बघून तिचं पण डोकं फिरतं. आता प्रश्न 128 झालेत, वीस विचारतात, बारा बरोबर लागतात. काल भांडी घासताना सहज म्हणाली, ते पुस्तक कुठे ठेवलंयस?

एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी