भिंतीचे वॉरंटी कार्ड

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या वास्तू पुरवणीतला नव्या घराच्या वॉरंटीवरचा लेख वाचला. ताबा घेताना सगळी वॉरंटी कार्डे फाइलला लावून ठेवा, असा मोलाचा सल्ला त्यात आहे. लावली आहेत हो. नळांचे आहे, दाराच्या कुलपाचे आहे, स्वयंपाकघरातल्या चिमणीचेही आहे. भिंतीचे तेवढे कुणी दिले नाही, आणि आमच्याकडे ओल येते ती नेमकी भिंतीला.

राग आला तो एका शब्दाचा. बिल्डरवर पाच वर्षे ‘स्ट्रक्चरल’, म्हणजे इमारतीच्या ढाच्यातल्या, दोषांची जबाबदारी असते, एवढे लिहून तुमचे लेखक वास्तुशास्त्राकडे वळले. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्याचे कलम १४(३) त्यांनी उघडले असते तर दिसले असते, की स्ट्रक्चरल दोषाबरोबर कामातला दोष, दर्जा आणि सोयीसुविधांतली त्रुटीही तिथे आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बिल्डरच्या नजरेस आणून दिले, की ३० दिवसांत त्याने स्वखर्चाने दुरुस्ती करायची, नाहीतर भरपाई द्यायची. तुम्ही एकच शब्द उचललात, बाकी सगळे गळाले. आमच्या बेडरूममध्ये तर अजून गळते आहे.

फ्लॅट मी २०२२ मध्ये रिसेलला घेतला. पहिल्या मालकांना ताबा मिळाला २०१९च्या दसऱ्याला. २०२३च्या पावसाळ्यात भिंतीचे पोपडे सुटले. बिल्डरला फोन केल्यावर त्याचा साइट इंजिनिअर आला, बोटाने भिंत खरवडून पाहिली आणि पुट्टी मारून, वर रंगाचा हात देऊन गेला. पुढच्या जुलैत तोच नकाशा परत उमटला, या खेपेस पार कपाटामागेपर्यंत. पुन्हा फोन. “काका, हे लिकेज आहे, स्ट्रक्चरल नाही.” आठवड्याने, “वॉरंटी पहिल्या कस्टमरला होती.” मग, “सोसायटीचे कन्व्हेयन्स झाले (म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे झाली), आमचा संबंध संपला.” शेवटी तर, वरच्या मजल्यावाल्यांनी बाथरूममध्ये तोडफोड केली म्हणून वॉटरप्रूफिंग गेले, करारात तसे कलमच आहे! आमच्या वर मजला नाही. गच्ची आहे.

रिसेलने घेणाराही रेराच्या व्याख्येत ‘अलॉटी’च, म्हणजे कायद्याने हक्क असलेला घरधारकच ठरतो, भाडेकरू तेवढा ठरत नाही. कन्व्हेयन्सनंतरही दोषांची जबाबदारी बिल्डरवरच राहते, हे कलम ११ मध्ये लिहिलेले आहे. हे मला भाच्याकडून कळले. ३० वर्षे तुमचा पेपर घेतो, म्हणून वाटले की तिथूनही कळायला हरकत नव्हती.

रिसेलवाल्यांसाठी खरी मेख तर लेखात नावालाही नाही. पाच वर्षे मोजायची ती पहिल्या ताब्यापासून, आपण पैसे मोजले त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे मला निम्मीच मिळाली. आणि ती तारीख सिद्ध करायला ताबापत्र लागते. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, वीजबिल सगळे घेतले. ताबापत्र मागा, असे ना एजंट म्हणाला ना बँक. विकणारे गृहस्थ सज्जन, म्हणून निभावले. त्यांनी नाशकातल्या घराचा माळा उपसला, तेव्हा आकाशकंदिलाच्या खोक्यात ते सापडले. पहिल्या वर्षीचा माझा फोन मात्र वाया गेला, कारण फोनची पोच मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले, पाच वर्षे भरायला दोन महिने उरले असताना. दसरा उलटला असता तर?

आता महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, पाच हजार रुपये भरून तक्रार केली आहे. तारखेची वाट पाहतो आहे. कपाट हॉलमध्ये आणून ठेवले आहे, त्यामुळे टीव्ही तिरका पाहावा लागतो.

जाता जाता आणखी एक. ज्या पुरवणीत हा लेख आहे, तिच्या मागच्या पानभर आमच्याच बिल्डरची जाहिरात आहे. जाहिरातीतल्या भिंती अगदी कोरड्या दिसतात. पान तुमचे, जाहिरात तुमची, त्यावर मी काय बोलणार! पण पाणीपट्टीवरचे माझे मागचे पत्र तुम्ही अर्धे कापलेत आणि नेमके आकड्यांचे वाक्य उडवलेत. यातले काही कापायचेच झाले तर टीव्हीचे कापा. कलम १४(३) राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक, धायरी, पुणे
(नाव छापू नये. बिल्डर आमच्याच रस्त्यावर राहतो.)